आधी लग्न, मग ओळख, मग प्रेम : 'आउटलँडर' वाचून झाल्यावर

डायना गॅबल्डनची 'आउटलँडर' ही कादंबरी परवा रात्री संपवली आणि डोक्यातून जातच नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधीच सांगते, मला पुस्तक भयंकर आवडलंय. पण एका प्रसंगाबद्दल आणि शेवटच्या भागाबद्दल माझी तक्रार आहे, तीही लिहिणार, कारण हे पुस्तक सरसकट कुणाच्याही हातात देण्यासारखं नाही. मोठ्या माणसांचं पुस्तक आहे, मारहाण आहे, शरीरसंबंध आहेत, अत्याचार आहेत, आणि हे सगळं पडद्याआड नाही. हे माहीत असून वाचायला घेतलंत तर पुढे जे मिळतं ते खूप मोठं आहे. शेवट सांगणार नाही, पण मधलं बरंच सांगावं लागेल त्याशिवाय बोलताच येणार नाही, तेव्हा अजिबात काही कळायला नको असेल तर इथेच थांबा.

गोष्ट अशी. १९४५ साल, दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. क्लेअर रँडल ही इंग्लिश नर्स युद्धात आघाडीवरच्या हॉस्पिटलांमधे काम करून आलीये, नवरा फ्रँक इतिहासाचा प्राध्यापक, युद्धामुळे दोघं कित्येक वर्षं धड एकत्र राहिलेलेच नाहीत, म्हणून पुन्हा एकदा हनीमून करू म्हणून स्कॉटलंडला इन्व्हर्नेसला आलेत. फ्रँक आपल्या पूर्वजांचे कागद शोधण्यात गुंग आणि ही जडीबुटीची झाडं गोळा करत फिरतीये. तिथे क्रेग ना डून नावाच्या टेकडीवर उभ्या दगडांचं एक जुनं रिंगण आहे (हे ठिकाण लेखिकेनं कल्पनेनं केलंय, पण तसली रिंगणं स्कॉटलंडमधे खरोखरच आहेत), तिथे एका फुलाच्या रोपासाठी ती एकटी परत जाते आणि त्या दगडातून थेट १७४३ मधे जाऊन पडते. म्हणजे आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांचा काळ, तेव्हाचं स्कॉटलंड. आणि पडते ती कुणासमोर, तर फ्रँकच्या त्याच पूर्वजासमोर, कॅप्टन जॅक रँडल, जो दिसायला हुबेहूब तिच्या नवऱ्यासारखा आहे आणि माणूस म्हणून राक्षस आहे. त्याच्या तावडीतून तिला हायलँडचे, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, लोक सोडवतात, म्हणजे सोडवतात की पळवतात ते त्यांनाही नक्की माहीत नसतं, कारण एकटी इंग्लिश बाई अंगावर असे विचित्र कपडे घालून रानात काय करतीये, हेर तर नाही ना, असा त्यांना संशय.

त्या टोळीत जेमी फ्रेझर आहे. पहिल्या भेटीत त्याचा खांदा निखळलेला असतो आणि बाकीचे गडी तो चुकीच्या पद्धतीने जोर लावून बसवायला निघालेत, हात मोडलाच असता, आणि इतका वेळ जीव मुठीत धरून बसलेली क्लेअर एकदम उठून सगळ्यांना बाजूला करते आणि स्वतः खांदा बसवते. मला हा प्रसंग फार आवडला. हिरो-हिरॉईनची पहिली भेट म्हणजे नजरानजर वगैरे काही नाही, घाम, रक्त, व्हिस्कीचा वास आणि आपलं काम येणारी एक बाई. ती घाबरलेली असते पण समोर पेशंट आला की तिची भीती मागे पडते, आणि हे पुढे अख्ख्या पुस्तकात टिकतं.

आता मुख्य मुद्दा. हे पुस्तक रोमान्स म्हणून का चालतं ह्यावर मी खूप विचार केला आणि मला वाटतं त्याचं उत्तर लग्नाच्या प्रकरणात आहे. कारण ह्यांचं प्रेम होऊन लग्न होत नाही. कॅप्टन रँडलला क्लेअर चौकशीसाठी ताब्यात हवी असते, ती इंग्लिश प्रजा आहे म्हणजे तिला द्यावंच लागणार, आणि त्यातून सुटायचा कायदेशीर मार्ग एकच, तिनं एखाद्या स्कॉट माणसाशी लग्न करायचं. टोळीबरोबर नेड गोवन नावाचा एक म्हातारा वकील असतो, तो कागद तयार करतो (हे पात्र छोटंसंच आहे पण काय गोड आहे), आणि नवरा म्हणून जेमीला पुढे केलं जातं. म्हणजे वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं लग्न झालं की हे! वधूची संमती विचारली जाते पण दुसरा पर्याय काय आहे तिला. शिवाय तिचा खरा नवरा दोनशे वर्षांनी पुढे जिवंत आहे, म्हणजे अजून जन्मायचाय, आणि ती परत जायचा रस्ता शोधतीये. ती दारू पिऊन कशीबशी ते लग्न पार पाडते.

आणि मग ती रात्र. लग्न कायदेशीर ठरायला संबंध होणं गरजेचं, खाली सराईमधे बाकीचे गडी पीत, अचकट विचकट बोलत बसलेले, आणि वर खोलीत हे दोघं जवळजवळ अनोळखी. तो तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, आणि अनुभव तिला आहे, त्याला नाही. किती रोमान्स कादंबऱ्यांमधे असं असतं? नेहमी उलटंच असतं, ती अजाण आणि तो सगळं जाणणारा. इथे तो सरळ सांगून टाकतो की माझी ही पहिलीच वेळ आहे, आणि त्यात त्याला लाज वाटत नाही. मग ते काय करतात, तर बोलतात. तासन्‌तास बोलतात. वाईन पितात, तो घरच्यांच्या गोष्टी सांगतो, आईवडिलांच्या, बहिणीच्या, ती ऐकते, थोडं स्वतःचं सांगते, जेवढं सांगता येईल तेवढं. एकमेकांचा हात हातात घ्यायलाही त्यांना वेळ लागतो. आणि त्यात जेमी तिला एक गोष्ट मागतो. त्याला कळलेलं असतं की ही काहीतरी लपवतीये. तो म्हणतो की तुला जे सांगता येत नसेल ते मी विचारणार नाही, पण जे सांगशील ते खरं सांग, मीही तसंच करीन, कारण आपल्यात सध्या एकमेकांबद्दल आदर सोडून दुसरं काही नाही, आणि आदरात गुपितांना जागा असू शकते पण खोट्याला नाही.

मी इथे पुस्तक मिटून बसले होते थोडा वेळ. कारण बघा ना, प्रेमाची भाषाच नाहीये ह्यात. तेवीस वर्षांचा मुलगा, डोक्यावर खुनाच्या आरोपाचं इनाम, पाठीवर इंग्रजांच्या चाबकाचे वळ, आणि तो पहिल्या रात्री बायकोशी करार करतोय तो खरं बोलण्याचा. पुढचं सगळं पुस्तक ह्या एका वाक्यावर उभं आहे. तिच्याजवळ केवढं मोठं गुपित आहे, आणि ते ती किती दिवस पोटात ठेवणार, हा ताण पानापानावर राहतो. आपल्याकडे आजी-आजोबांच्या पिढीत किती जणांनी एकमेकांना लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा धड पाहिलं, आणि मग हळूहळू, स्वैपाकघरातून, आजारपणातून, एकमेकांच्या सवयींतून कधीतरी प्रेम झालं, बोलून नाही दाखवलं कुणी. मराठी वाचकाला ह्यातलं हे लगेच कळेल असं मला वाटतं, कदाचित डेटिंगच्या गोष्टींवर वाढलेल्या तिकडच्या वाचकापेक्षा जास्तच. फरक एवढाच की इथे दोघंही बोलतात, आणि बाईला काय हवंय ह्याची दखल घेतली जाते. त्या रात्रीच्या वर्णनात जे काही आहे ते तिच्या नजरेतून आहे, सगळं पुस्तकच क्लेअर 'मी' म्हणून सांगतीये, त्यामुळे कुठेही बघ्याची नजर जाणवत नाही.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे वैद्यकी. कॅसल लेओख ह्या गढीत तिला आधीच्या वैद्याची खोली मिळते, तिथल्या बरण्यांमधे वाळवलेले किडे न काय काय, आणि ती त्यातून कामाचं ते ठेवून बाकीचं फेकून देते. अँटिबायोटिक नाही, भूल नाही, जखम उकळलेल्या पाण्यानं धू म्हटलं तर लोक तोंडाकडे बघतात. लसूण, दारू, औषधी पाला ह्यावर ती काम भागवते. गढीचा मालक कॉलम मॅकेन्झी, त्याचे पाय वाकडे, चालताना भयंकर वेदना, आणि ती बघताक्षणी ओळखते की हा आजार कोणता, फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकच्या नावाने ओळखला जातो तो, पण तो चित्रकार जन्मायलाच अजून शंभराच्या वर वर्षं आहेत. म्हणजे ज्ञान आहे आणि सांगता येत नाही, सांगितलं तर चेटकीण ठरणार. आणि तेच होतं. क्रेनस्म्यूर गावात तिच्यावर आणि गेलिस डंकन नावाच्या बाईवर चेटूक केल्याचा खटला चालतो, गावातले लोक जे काल औषध न्यायला आले होते तेच आज साक्ष देतात, ते वाचताना पोटात गोळा आला माझ्या. त्या खटल्यात एका दंडावरचा देवीच्या लशीचा व्रण दिसतो आणि... नाही, हे नाही सांगत. इतकंच सांगते की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्यातल्या ज्यांच्या दंडावर तो व्रण आहे त्यांनी हा भाग वाचाच.

लेखिकेबद्दल थोडं सांगायला हवं कारण ते पुस्तकात दिसतं. गॅबल्डन मुळात शास्त्रज्ञ, इकॉलॉजीत पीएचडी, अ‍ॅरिझोनात युनिव्हर्सिटीत नोकरी, घरात लहान मुलं, आणि १९८८ मधे तिनं सराव म्हणून कादंबरी लिहायला घेतली, कुणाला दाखवायचीही नाही असं ठरवून. टीव्हीवर 'डॉक्टर हू' ह्या ब्रिटिश मालिकेचा जुना भाग बघताना त्यात किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा तो घागरा) घातलेला एक तरुण दिसला आणि तिनं ठरवलं, स्कॉटलंड, अठरावं शतक. तोवर ती स्कॉटलंडला गेलेलीही नव्हती, सगळं लायब्ररीतून! पुस्तक आलं १९९१ मधे, ब्रिटनमधे 'क्रॉस स्टिच' ह्या नावानं, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते नाव दिसलं तर गोंधळू नका, पुस्तक हेच. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संस्थेचं रीटा हे मोठं पारितोषिकही ह्याला मिळालंय. आणि एक किस्सा मला फार आवडतो, कॉम्प्युसर्व्ह म्हणून तेव्हा ऑनलाईन गप्पांची सोय होती, तिथे एका पुरुषाशी तिचा वाद झाला की गरोदर असताना कसं वाटतं, तर तिनं उत्तर म्हणून आपल्या अर्ध्या लिहिलेल्या कादंबरीतला उतारा टाकला, जेमीची बहीण जेनी आपल्या भावाला आणि नवऱ्याला ते सांगतीये असा. तो उतारा पुस्तकात आहे. मी ते पान दोनदा वाचलं. पोटातलं मूल पहिल्यांदा हलतं तेव्हापासून शेवटच्या दिवसांपर्यंत, इतकं नेमकं आणि इतकं सहज लिहिलंय की वाटलं हे आपल्याला कुणी लिहून दाखवलंच नव्हतं आजवर. जेनी ह्या बाईवर तर वेगळं लिहायला पाहिजे. शेत, घर, पोरं, लाकडी पायाचा नवरा इयन, वर इंग्रज शिपायांची ये-जा, आणि भाऊ आला तर त्याला मिठी मारण्याआधी चार शब्द सुनावणार. लालीब्रॉख म्हणजे जेमीचं घर, तिथली सगळी पानं मला तोंडपाठ व्हायच्या बेतात आहेत.

इतिहास. खरंतर मी इतिहासासाठीच हे घेतलं होतं. पार्श्वभूमी अशी की १६८८ मधे स्टुअर्ट घराण्याचा राजा जेम्स गादीवरून गेला, त्याच्या वंशाला परत गादी मिळावी म्हणून लढणारे ते जेकोबाइट, आणि हायलँडमधल्या बऱ्याच कुळांचा त्यांना पाठिंबा. एक उठाव १७१५ मधे झाला, फसला. शेवटचा १७४५ मधे, राजपुत्र चार्ल्स स्टुअर्ट फ्रान्सहून येतो, आणि १६ एप्रिल १७४६ ला कलोडेनच्या माळावर सगळं संपतं. लढाई एक तासही चालली नाही. दीड-दोन हजार जेकोबाइट पडले किंवा जखमी झाले. त्यानंतर जखमींना मारलं, घरं जाळली, कुळांच्या प्रमुखांचे न्यायनिवाड्याचे अधिकार काढून घेतले, हायलँडच्या पुरुषांनी किल्ट घालायला कायद्यानं बंदी, ती उठली थेट १७८२ मधे.

हे सगळं क्लेअरला माहीत आहे. नवऱ्याकडून तिनं ऐकलंय. आणि ती १७४३ मधे त्या माणसांच्या पंगतीला बसून जेवतीये, त्यांची गाणी ऐकतीये, डूगल मॅकेन्झी म्हणजे कॉलमचा भाऊ गावोगाव शेतसारा गोळा करता करता जेमीची फाटलेली पाठ लोकांना दाखवून स्टुअर्टांसाठी गुपचूप पैसे गोळा करतोय ते बघतीये, आणि तिला माहीत आहे की ह्यातले बहुतेक तीन वर्षांनी नसणार आणि हे जगणंच राहणार नाही. निघताना ती जेनीला काय सांगते माहितीये? बटाटे लाव. दुष्काळ येणार आहे, बटाटे लाव, जी जमीन, मालमत्ता काही उत्पन्न देत नाही ती विकून सोनं घे. मला ह्या एका ओळीनं जेवढं हलवलं तेवढं लढाईच्या वर्णनानं कधी नाही हलवलं. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर मी वाढले, त्या मला प्रिय आहेत, पण त्यात नायक म्हणजे राजा, पेशवा, सरदार, आणि प्रेम हे राज्यकारभारातून वेळ काढून एखाद्या प्रकरणात. इथे इतिहास घडवणारं कुणी नाहीच. ज्यांच्यावर इतिहास येऊन आदळणार आहे ती माणसं आहेत, गोठा साफ करणारी, लोकर रंगवणारी, आणि म्हणून काळजाचं पाणी होतं.

एक जाता जाता, कारण मला हे वाचून झाल्यावर राहवेना. कलोडेननंतर ह्याच हायलँडर लोकांना इंग्रजांनी मोठ्या प्रमाणात फौजेत घेतलं, पलटणीत असलं तर किल्ट घालायला परवानगी होती. आणि २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला इंग्रज सेनापती वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर हल्ला केला त्यात ७४ आणि ७८ ह्या दोन हायलँडर पलटणी होत्या, ७४ नंबरची तर मराठ्यांच्या तोफांपुढे जवळजवळ कापली गेली. म्हणजे ज्यांचं राज्य इंग्रजांनी मोडलं त्यांचीच नातवंडं इंग्रजांच्या बाजूनं आपल्या मातीत येऊन मेली. हे पुस्तकात नाही अर्थातच. पण लालीब्रॉखच्या अंगणातली पोरं वाचताना मला सारखं असई आठवत होतं.

परत प्रेमाकडे येते. एक क्षण येतो जेव्हा क्लेअर जेमीला सगळं खरं सांगते, मी कुठून आले, कधीची आहे, आणि तो विश्वास ठेवतो. नीट कळत नाही त्याला पण तो म्हणतो तू सांगतेस म्हणजे खरं. पहिल्या रात्रीचा तो करार! आणि मग तो स्वतः तिला त्या दगडांपाशी नेऊन सोडतो, जा म्हणतो, इथे तुझ्यासाठी धोक्याशिवाय काही नाही. ती तिथे एकटी बसून दिवसभर विचार करते. एकीकडे फ्रँक, जो वाईट माणूस नाही, तिचा खरा नवरा आहे, बिचारा तिला शोधत असेल, वीज, औषधं, सुरक्षित आयुष्य, आणि दुसरीकडे हा. तिनं काय ठरवलं ते कळतंच पुढे, पण ती नंतर जेमीला सांगते की गरम पाण्याच्या आंघोळीनं जवळजवळ बाजी मारली होती. मला हे इतकं खरं वाटलं! कारण मोठे निर्णय असेच असतात की, त्यात गीझर पण असतो. ज्या पुस्तकात नायिका प्रेमासाठी सगळं सोडते त्यात ती काय सोडतीये ह्याचा हिशोब कुणी मांडत नाही, इथे मांडलाय, अगदी टबापर्यंत.

आता तक्रारी, आणि ह्या मी मनापासून करतीये. क्लेअर सांगितलेलं न ऐकता जाते, पकडली जाते, सगळ्यांचा जीव धोक्यात येतो, आणि सोडवून आणल्यावर जेमी तिला पट्ट्यानं मारतो. त्या काळात नवऱ्यानं बायकोला मारणं हे शिक्षा म्हणून मान्य होतं, हे ऐतिहासिकदृष्ट्या बरोबरच आहे. ती आकांतानं विरोध करते, नंतरही त्याच्यावर चिडलेली असते, आणि तो शेवटी खंजिरावर शपथ घेतो की पुन्हा कधी हात उचलणार नाही, आणि पाळतो. हे सगळं मान्य. पण लेखिकेनं त्या प्रसंगाच्या आजूबाजूला जो हलकाफुलका सूर लावलाय, बाकीचे गडी हसतायत, जेमी स्वतःच्या लहानपणी खाल्लेल्या माराच्या गोष्टी रंगवून सांगतोय, ते मला पचलं नाही. इतिहास खरा दाखवा, पण तो बाईच्या अंगावर पडलेला मार आहे, त्याला गंमतीची फोडणी नको होती. माझ्या एका मैत्रिणीनं इथेच पुस्तक सोडलं आणि मी तिला दोष देणार नाही.

दुसरं, क्लेअरवर बळजबरीचा प्रयत्न किती वेळा व्हावा. कुणी ना कुणी येतंच. एकदा धक्का बसतो, नंतर नंतर कथानक पुढे ढकलायची ती सवयच वाटायला लागते. तिसरं, शेवटचा मोठा भाग, वेंटवर्थच्या तुरुंगातला आणि त्यानंतरचा. कॅप्टन रँडल जेमीचं जे करतो ते वाचणं अतिशय जड आहे, शारीरिक छळ आणि लैंगिक अत्याचार दोन्ही, आणि खूप तपशिलात. हे असायला नको होतं असं मी म्हणणार नाही. उलट रोमान्समधे नायक असा मोडून पडलेला, लाजेनं जगायला नको म्हणणारा, आणि त्याला परत माणसात आणणारी बायको, हे मी आधी वाचलं नव्हतं, पुरुषाच्या वाट्याला आलेला अत्याचार इतका गंभीरपणे घेतलाय ह्याचं मला कौतुक आहे. पण तयारी ठेवून वाचा. रात्री झोपायच्या आधी तर नकोच. आणि ह्याच्याशी जोडलेली चौथी तक्रार, ह्या पहिल्या पुस्तकात ज्या पुरुषांना पुरुषांबद्दल आकर्षण आहे ते एक तर राक्षस नाहीतर हास्यास्पद. हे चांगलं नाही. पुढच्या पुस्तकांमधे लॉर्ड जॉन ग्रे नावाचं पात्र येतं, फार सुंदर, सभ्य माणूस, त्यानं ही बाजू खूप सावरली जाते, पण ह्या पुस्तकापुरती ती खोट राहतेच.

शेतसारा गोळा करायला फिरतात तो भाग थोडा लांबलाय, तिथे कंटाळा आला तर नेटानं पुढे जा, लग्न त्याच्या लगेच पुढेच आहे.

वाचायला घेणाऱ्यांसाठी. पेपरबॅक छोट्या आकाराची घेतलीत तर साडेआठशेच्या आसपास पानं आहेत, अक्षर बारीक, आडवं पडून धरता येत नाही, हात दुखतो. ज्यांना चष्मा आहे त्यांनी ई-बुकच घ्यावं असं मी म्हणेन. इंग्रजी अवघड नाही, पण पात्रं स्कॉटिश ढंगात बोलतात आणि मधे मधे गेलिक ही तिथली जुनी भाषा येते, सुरुवातीची पन्नासेक पानं अडखळायला होतं, मग कान सरावतो. ऑडिओबुक डॅव्हिना पोर्टर ह्या बाईंनी वाचलंय, तीस तासांच्या वर आहे, आणि मी काही प्रकरणं ऐकून पाहिली तर त्यांनी प्रत्येकाचा आवाज असा काही धरलाय की डूगल आणि कॉलम भाऊ असूनही वेगळे कळतात, मर्टा म्हणजे जेमीचा तो घुमा धर्मपिता तर त्यांच्या आवाजात जास्तच जिवंत होतो. उच्चार कळायला पण मदत होते, नाहीतर लालीब्रॉख आणि लेओख वाचायचं कसं हेच कळत नाही.

ह्यावरची टीव्ही सिरीयल २०१४ मधे सुरू झाली, पहिल्या सीझनचे सोळा भाग म्हणजे हे पहिलं पुस्तक. क्लेअर झालेली कट्रिओना बाल्फ आणि जेमी झालेला सॅम ह्यूअन दोघंही उत्तम, डून कॅसल हा खरा किल्ला लेओख म्हणून वापरलाय, निसर्ग तर विचारूच नका. पण माझं मत विचाराल तर आधी पुस्तक. कारण क्लेअरच्या डोक्यात चाललेलं सगळं, तिचा तो कोरडा विनोदी स्वभाव, फ्रँकबद्दलची अपराधी भावना, ते पडद्यावर अर्धंच येतं. आणि सिरीयलमधला पहिल्या रात्रीचा भाग चांगला आहे, खूपच चांगला आहे, पण त्या गप्पांना जो वेळ पुस्तकात मिळतो तो तासाभराच्या भागात कुठून मिळणार.

कुणाला कधी स्कॉटलंडला जायला मिळालं तर कलोडेनचा माळ इन्व्हर्नेसपासून जवळच आहे. तिथे कुळांच्या नावाचे दगड आहेत, १८८१ मधे बसवलेले, आणि फ्रेझर कुळाच्या दगडापाशी ह्या पुस्तकाचे वाचक इतक्या संख्येनं येऊन फुलं ठेवतात की गवत तुडवलं जाऊन जमीन उघडी पडायला लागली आणि त्या दगडाभोवती अडसर लावावा लागला. जेमी काल्पनिक आहे पण त्या मातीखाली झोपलेले लोक खरे आहेत, तेव्हा गेलात तर लांबूनच बघा.

मालिकेत आतापर्यंत नऊ पुस्तकं आलीत, नववं २०२१ मधे. हे पहिलं पुस्तक एकटं वाचलं तरी गोष्ट पूर्ण वाटते, लटकत ठेवत नाही, हा मोठा दिलासा. पण एक कोडं सुटत नाही, पहिल्याच काही पानांत फ्रँकला पावसात खिडकीखाली उभा असलेला एक हायलँडर दिसतो, वर क्लेअरकडे टक लावून बघत, आणि जवळ गेल्यावर तो गायब होतो. तो कोण ह्याचा अंदाज येतो, पण उत्तर ह्या पुस्तकात शोधू नका. मी दुसरं पुस्तक मागवलंय, आलं की त्याबद्दलही लिहीन.